गोरेगावचा पिवळ्या पाटीचा वाफा

अॅस्परॅगस बघायला मुंबईला गेले होते, असं सांगितलं की वाईच्या बाजारात लोक माझ्या तोंडाकडं बघतात. मुंबईला माणसं दवाखान्यासाठी जातात, लग्नाला जातात, पोराच्या नोकरीसाठी कुणाच्या तरी पाया पडायला जातात. भाजी बघायला कुणी जात नाही. मीही गेले नसते. पण बियाणं विकणाऱ्या एका कंपनीनं अॅस्परॅगसच्या तीन जातींची चाचणी लावली होती, आणि उभ्या महाराष्ट्रात एवढी जमीन पडलेली असताना त्यासाठी त्यांना गोरेगाव पूर्वच सापडलं. कारण मला तिथं गेल्यावर कळलं. साहेबांना ऑफिसातून रिक्षानं जाऊन जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत येता आलं पाहिजे.

ज्यांनी हे पीक पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या शतावरीच्या गोतातलंच ते. जमिनीतून बोटाएवढे जाड कोंब येतात, ते कोवळे असताना कापून पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांना द्यायचे. मग तोडणी थांबवून उरलेले कोंब वाढू दिले की त्यांचा छातीइतका उंच, रेशमासारखा बारीक पाला होतो. हा पाला पावसाळाभर जमिनीखालच्या गड्ड्याला पोसतो, आणि गड्ड्यात जे साठतं त्यावर पुढच्या हंगामाचे कोंब येतात. म्हणजे भरात आलेला पाला कापला की पुढचं पीक बुडालं. शेतकी शाळेत मी शिकवायचे तेव्हा वर्गातलं सगळ्यात ढ पोरगंसुद्धा हे विसरत नसे.

आम्ही पाच जणी मिळून हे पीक घेतो. आमचे गड्डे आता थकलेत, कोंब काडीसारखे यायला लागलेत, तेव्हा या पावसाळ्याच्या तोंडावर सगळं उपटून नवीन लावायचं ठरलं. आणि अॅस्परॅगस म्हणजे मेथी नव्हे, की नाही जमली तर मोडून दुसरं काही पेरलं. एकदा लावलं की दहा-बारा वर्षं तेच. आमच्यातल्या रत्नानं तर हिशेब मांडून दाखवला की ही जात चुकली तर तिच्या नातवाच्या लग्नापर्यंत ती चुकलेलीच राहणार. त्यात कंपनीनं कळवलेलं, की चाचणीत जी जात शेवटची येईल तिची रोपं यापुढं मिळणार नाहीत. सगळ्या जणी म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, डोळ्यांनी बघून ये आणि सांग कुठली लावायची. पाच घरांची जमीन डोक्यावर घेऊन मी होळीच्या आधी निघाले.

गोरेगाव पूर्व

माझी धाकटी बहीण शैला गोरेगावला असते. तिला दिली ती कणकवलीकडच्या घरात. तिचे सासरे गिरणीत होते, आणि नवरा, म्हणजे आमचे दिलीपराव, सांताक्रूझच्या विमानतळावर सामान चढवणाऱ्यांवर देखरेख करतात. शैलानं फोनवर पत्ता सांगितला होता, "स्टुडिओच्या गेटवरून सरळ ये गं, कुणालाही विचार." मी गेटवर विचारलं. तिथं गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस उभा होता. त्यानं माझी नऊवारी, कपाळावरचं कुंकू आणि हातातली पिशवी खालपासून वरपर्यंत पाहिली, आणि म्हणाला, "एक नंबर! मावशी, गाववाल्यांची लाइन तिकडं. पटकन जा, शॉट लागतोय."

मी म्हणाले, मी खरोखरची गाववाली आहे.

"सगळ्या तेच सांगतात," तो म्हणाला.

त्या लाइनीत खोट्या शेतकरणी बसल्या होत्या. साड्या माझ्यापेक्षा कितीतरी चांगल्या होत्या आणि गालांना मुद्दाम माती फासलेली. एकीच्या हातात विळा होता, तो तिनं धारेकडून धरला होता. मी तिच्या हातातून काढून घेऊन नीट धरून दाखवला. ती म्हणाली, "थँक यू आंटी, पण डायरेक्टरला असाच पाहिजे." मुंबईत मी पाऊल ठेवलं ते असं.

शैलाचं घर सातव्या मजल्यावर. खिडकीतून एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात, म्हणजे दोन टॉवरांच्या फटीतून जेवढा मावतो तेवढा डोंगर दिसतो. या फटीसाठी फ्लॅटला जास्त भाव आहे असं मला अभिमानानं सांगण्यात आलं. आमच्याकडं पांडवगड चोवीस तास फुकट समोर उभा असतो, त्याचं कधी कुणाला कौतुक वाटलं नाही. जेवणाला मात्र नावं ठेवायला जागा नव्हती. बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी. आमच्याकडं तिखट म्हणजे घाम फुटेपर्यंत. या लोकांचं तिखट आधी गोड बोलतं आणि मग मागून चिमटा काढतं. मी तीन वाट्या सोलकढी प्यायले. मुंबईत मला मनापासून आवडलेली ही एक गोष्ट, आणि तीही मुंबईची नाही, कोकणातली.

वाफ्यांवर

चाचणीचा प्लॉट शैलाच्या सोसायटीच्या भिंतीला लागूनच होता. पूर्वीची रोपवाटिका होती ती, कंपनीनं भाड्यानं घेतली होती. पाणी सोसायटीच्या टाकीतून, म्हणून फाटकाची एक किल्ली सोसायटीकडं. तीन गादीवाफे, त्यांवर तीन रंगांच्या पाट्या: लाल, निळी, पिवळी. जातींची नावं गुप्त, कारण म्हणे निकालावर परिणाम होऊ नये. एवढी काळजी पाहून मला जरा बरं वाटलं. ते बरं वाटणं दुपारपर्यंत टिकलं.

चाचणीचे साहेब तळेकर. पस्तिशीचा गोरागोमटा माणूस, डोक्यावर कंपनीची टोपी, पायात पांढरे बूट. वाफ्यांच्या मधून चालताना बुटांना माती लागू नये म्हणून ते विटांवरून उड्या मारत होते. त्यांनी मला भिंतीवरचा तक्ता दाखवला. लाल पहिला, निळा दुसरा, पिवळा शेवटचा. पिवळा निळ्याच्या अगदी पाठोपाठ होता, पण शेवटचा तो शेवटचा.

"क्लिअर आहे ना, ताई? लाल डोळे झाकून लावा."

मी म्हणाले, डोळे झाकायचे असते तर मी वाईतच राहिले असते. आणि वाकून वाफे बघायला लागले. लाल आणि निळ्या वाफ्यातला जुना वाळलेला पाला हंगामाआधी नीट जमिनीलगत काढलेला होता. पिवळ्यात मात्र जागोजागी गुडघ्याएवढे जुने खुंट उभे होते. वरून तिरपे, एकाच वारात कापल्यासारखे. वाळलेला पाला काढताना असं कुणी करत नाही. हे दांडे ओले असताना कापलेले होते.

"हे काय?"

"ते? पावसाळ्यात पडला होता पिवळा. लोळला. या जातीचा दांडा कमजोर आहे. मी आलो तेव्हा सगळा वाफा साफ झाला होता."

"आलात म्हणजे? गेला कुठं होतात?"

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी विचारलं होतं की सूर्य कुठून उगवतो. "गावी. गणपतीला."

"आणि माळी?"

"तो पण गावी. ताई, गणपतीत गोरेगावात राहतं कोण?"

हे मला मान्य करावं लागेल. आमच्याकडं गणपती घरच्या घरी येतो, पण पीक सोडून कुणी कुठं जात नाही. इथले कोकणी लोक चतुर्थीच्या आधी घराला कुलूप लावतात, साहेबाला सांगतात, नाही तर सांगतही नाहीत, आणि गाव गाठतात. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, गणपती चुकला तर वर्षभर वाट बघायची, असा त्यांचा विचार. मला तो तसा आवडतो. पण मग चाचणी घेताना आपण भाद्रपदात इथं नसतो, एवढं तरी लक्षात घ्यावं की नाही? पाल्याला नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त राखण लागते. आणि मागं आल्यावर वाफा रिकामा दिसला, तर कुणाला विचारायचं सोडून हा माणूस लिहून मोकळा झाला, लोळला म्हणून.

अंधेरी

त्या संध्याकाळी दिलीपरावांनी आम्हाला अंधेरीला जेवायला नेलं. "ताईंका त्यांची भाजी खावक घालूया," असं ते म्हणाले. त्याआधी शैलानं मला तिथल्या एका मोठ्या बाजारात फिरवलं. तिथं थंड कपाटात अॅस्परॅगसच्या जुड्या निजवल्या होत्या, परदेशातून आलेल्या, पट्टी गुंडाळलेल्या. मी एक कोंब नखानं दाबून पाहिला. खालचं टोक लाकूड झालेलं. जुडी ठेवायला गेले तर तिथल्या मुलीनं हटकलं, "मॅम, प्रॉडक्टला टच करू नका." मी तिला म्हणाले, बाई, याला शेवटचा हात लागला तेव्हा दिवाळी असेल.

हॉटेलात अंधार होता. आपण काय खातोय हे दिसू नये अशी सोय. माझी भाजी आली ती एका लांब पाटावर, चार कोंब, त्यांवर चीज, चीजवर अजून कसला तरी पांढरा रस, आणि बाजूला एक फूल. कोंब शिजून मेले होते. दिलीपराव प्रेमानं विचारत होते, "कसा आसा?" मी म्हणाले, फूल चांगलं आहे. त्यांनी मग स्वतःसाठी पापलेट मागवलं आणि निम्मं माझ्या ताटात घातलं. हा माणूस स्वभावानं देवमाणूस आहे, हे पुढं जे सांगणार आहे त्याआधी सांगून ठेवते.

घरी आलो. शैला पाणी आणायला आत गेली आणि मी भिंतीवरचे फोटो बघत उभी राहिले. मधल्या मोठ्या फोटोत सोसायटीचा सार्वजनिक गणपती होता, त्याच्या बाजूला शैला हातात चषक घेऊन हसत उभी. खाली लिहिलेलं, पर्यावरणपूरक सजावट स्पर्धा, प्रथम क्रमांक. थर्माकोलवर बंदी आल्यापासून इथं सगळ्यांना एकदम झाडापाल्याचा पुळका आलाय. गणपतीच्या मागं हिरवी प्रभावळ होती. ढगासारखी दाट, रेशमासारखी बारीक.

मी फोटोला नाक लावून पाला नीट पाहिला.

"शैले, हा पाला कुठला?"

"अगं मागचाच ना, प्लॉटमधला! काय झकास दिसत होतं, माहितीये? लोक लांबून फोटो काढायला यायचे. सगळ्यांना वाटलं बाहेरून मागवलाय."

"कुठल्या पाटीचा?"

"पिवळ्या. बाजूचे दोन बघितले आम्ही, पण ते विरळ होते गं, हाताला पण टोचत होते. पिवळाच काय तो भरलेला. पूर्ण वाफा लागला तेव्हा कुठे मखर भरलं."

तिघांतला सगळ्यात भरलेला, म्हणून कापला. आणि कापला, म्हणून तिघांत शेवटचा आला. म्हणजे एखाद्याला नुसते केस भादरून नव्हे, तर उपाशी ठेवून शर्यतीत पळवलं, आणि तरी तो दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून आला. मी खाली बसले. सगळं शैलाला समजावून सांगितलं, पाला काय करतो, गड्डा काय करतो, आम्ही पाच जणी कशाची वाट बघतोय. तिचा चेहरा उतरला, पण वेगळ्याच कारणानं.

"ताई, उद्या साहेबांची मीटिंग आहे आमच्या हॉलमध्ये. तू तिथे हे बोलणार नाहीस हां. माझी वाट लागेल. चषक परत मागतील."

"चषक? अगं आमची बारा वर्षं जातील!"

"तुला काय गं, तू बोलून वाईला निघून जाशील. मला इथे राहायचंय ना!"

दिलीपराव मधे पडले. "ताईनू, देवाक सजवला, तेका चोरी म्हणनत नाय." मी म्हणाले, चोरी म्हणत नाही, मूर्खपणा म्हणते.  शैलानं माझं अंथरूण घातलं, पण उशी द्यायची विसरली. मीही मागितली नाही.

सोसायटीचा हॉल

सभेला जुन्नर, नाशिक अशा बाजूंनी शेतकरी आले होते. फेटेवाले, जीन्सवाले, एक जण तर बायकोला मुंबई दाखवायला घेऊन आलेला. तळेकरांनी पडद्यावर लाल जातीचे आलेख दाखवले. आलेख असे चढत होते की मलाही क्षणभर खरे वाटले. शेवटी म्हणाले, कुणाला काही शंका?

मी उठले. शैला मागच्या रांगेत पंचाईत झाल्यासारखं तोंड करून बसली होती. मी तिचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले, की पिवळ्या वाफ्याचा पाला गणपतीत कापून नेलेला आहे, तो लोळलेला नाही. खुंट बघा, अजून उभे आहेत. तेव्हा ही तुलना खोटी आहे, निदान एक हंगाम पुन्हा मोजा, तोवर पिवळा बाद करू नका.

हॉलमध्ये कुजबुज झाली. तळेकरांनी कपाळाला हात लावला आणि मग एकदम हसले.

"अहो, मग बाप्पाच्याच कामाला आला ना! यापेक्षा चांगलं काय होणार?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोसायटीच्या अध्यक्षांनी उठून जाहीर केलं की आपली सजावट शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली याचा आनंद आहे, आणि सजावटीच्या प्रमुख म्हणून शैलाला पुढं बोलावून तिच्या हातात नारळ दिला. ती भीतीनं पांढरी पडली होती, नारळ हातात आल्यावर गोंधळली. मलाही एक नारळ मिळाला, वाईहून आल्याबद्दल. मुंबईत चूक दाखवून दिली की सत्कार करतात, हे मला नवीन होतं. आमच्याकडं निदान भांडतात तरी.

माझ्या शेजारच्या जुन्नरच्या माणसाला मी म्हणाले, दादा, ऐकलंत ना? लाल लावू नका.

"ऐकलं की. पण ताई, त्यांचं छापलेलं हाय, तुमचं बोललेलं हाय."

त्यानं माझ्यासमोर लालची मागणी नोंदवली. त्याच्यामागं रांग लागली.

मी तळेकरांना गाठलं. अहवाल वर गेला, आता बदलता येत नाही, असं ते म्हणाले. आणि पिवळा? "पुढच्या आठवड्यात उपटून टाकणार. तुम्हाला पाहिजे तर घेऊन जा, ताई. कचराच आहे."

निघताना

सकाळी मी कुदळ घेऊन प्लॉटवर गेले तर फाटकापाशी शैला उभी. सोसायटीची किल्ली तिच्याकडं होती. गाऊनवर दिलीपरावांचा जुना शर्ट चढवलेला, हातात पोती. तिनं कुलूप काढलं.

अॅस्परॅगसचा गड्डा उकरणं म्हणजे कोळ्याचं जाळं न फाडता काढणं. बोटाएवढी जाड मुळं चारी बाजूंना गेलेली असतात. मी खणत होते, शैला हातांनी माती सारत होती. पहिला गड्डा वर आला तेव्हा तिला तो दोन हातांत मावेना. ती बघतच राहिली.

"ताई, एवढं सगळं खाली होतं? आम्हाला वाटलं, वरचं कापलं तर काय, परत येईल."

"येतं की. पण आधी खालचं खाऊन येतं."

तिनं डोळे पुसले, मातीच्याच हातानं. "मला सांगितलं का नाही गं कुणी?"  मी रागावले होते ते खरं, पण तिला कोण सांगणार होतं? सांगायच्या माणसानं पाटीवर नावसुद्धा लिहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही पुढचा गड्डा घेतला.

तुलनेला म्हणून लाल वाफ्याच्या कडेचा एक गड्डा मी काढला. दोन्ही विटांवर शेजारी शेजारी ठेवले. लालला डोळे, म्हणजे नवे कोंब फुटायच्या जागा, होते, पण बारीक आणि लांब लांब. पिवळ्याचे डोळे अंगठ्याएवढे फुगलेले, दाटीवाटीनं, एवढा मार खाऊनसुद्धा. हे गड्डे फोडून लावले तर पाच घरांना सुरुवातीपुरते नक्की होतील. आता रत्नाला काय सांगायचं ते मला कळलं होतं. 

तेवढ्यात तळेकर आले. विटांवरून उड्या मारत आले आणि त्या दोन गड्ड्यांपाशी थबकले. या माणसाला काही कळत नाही असं मला वाटत होतं. तसं नव्हतं. त्यांनी पांढऱ्या बुटांनिशी मातीत गुडघे टेकले, पिवळ्याचा गड्डा उचलला, एकेक डोळा बोटानं चाचपला.  मग आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून थेट गावच्या भाषेत बोलले.

"ताई, माका ह्यातले चार गड्डे द्या. गावाक घरामागे उतार आसा, पाणी थांबणा नाय. आवशीन कधीपासून कायतरी लाव म्हणून सांगितल्यान."

"साहेब, तुमच्या अहवालात तर लाल पहिला आहे."

ते हसले, अगदी मोकळेपणानं, घरच्या माणसाशी बोलावं तसं.

"लाल तो विकूक, ताई."

मला जुन्नरचा तो माणूस आठवला, आणि त्याच्यामागची रांग. मी विटेवरचा लालचा गड्डा उचलला, तळेकरांच्या हातात ठेवला आणि त्यांच्या दुसऱ्या हातातला पिवळा काढून घेतला. शैलानं पोत्याचं तोंड उघडून धरलं. गड्डा आत टाकून मी सुतळीची गाठ मारली, दोनदा, आणि तिला म्हणाले, रिक्षा बोलव.